ट्रे ओठांपाशी येताच उबळ येणाऱ्या रुग्णाचे माप कसे घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी नुकताच स्वतःचा दवाखाना सुरू केलेल्या एका तरुण दंतवैद्याकडे साठीचे एक निवृत्त शिक्षक आले. त्यांच्या वरच्या जबड्यातील दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या आहेत आणि त्यांना काढता-घालता येणारी कवळी हवी आहे. मात्र मापाचा ट्रे नुसता ओठांपाशी आला तरी त्यांना ओकारीची उबळ येते, आरव्हीजीचा (दातांच्या डिजिटल एक्स-रेचा) सेन्सर मागच्या दातांपाशी टिकत नाही, आणि जागा बधिर करणारा लिग्नोकेनचा स्प्रे मारल्यावर त्रास कमी होण्याऐवजी वाढला. “डॉक्टर, मी मुद्दाम करत नाही हो,” असे म्हणून ते शरमून निघून गेले. आता पुढे काय करावे, आणि पूर्ण भूल देऊन माप घ्यावे काय, असे या दंतवैद्यांनी विचारले आहे.

पूर्ण भुलीचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण त्यातून या रुग्णाची खरी अडचण सुटणार नाही. भुलीखाली माप मिळेल, लॅबमधून कवळीही तयार होऊन येईल. परंतु ती घालायची आहे ती जागेपणी, रोज, जेवताना आणि चारचौघांत बोलताना. ज्यांना ट्रे दोन मिनिटे सोसवत नाही, त्यांना जवळपास तेवढीच वस्तू दिवसभर सोसवेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत उबळ आटोक्यात आणणे हेच उपचाराचे पहिले काम मानावे, आणि ते साधले की माप त्याच ओघात मिळते, असे माझे ठाम मत आहे. ते पुन्हा येण्यास संकोचतील, तेव्हा त्यांना तुम्ही स्वतः फोन करा, पुढच्या भेटीत तोंडात काहीही घालणार नाही, केवळ बोलणार आहोत असे सांगा, आणि तो शब्द तंतोतंत पाळा.

ही उबळ म्हणजे श्वासमार्गाचे रक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. जिभेचे मूळ, मऊ टाळू, पडजीभ, तिच्या दोन्ही बाजूंच्या कमानी आणि घशाची मागची भिंत यांना स्पर्श झाला की पाचव्या, नवव्या आणि दहाव्या मस्तिष्क-नसांवाटे संदेश मेंदूच्या देठातील लंबमज्जेकडे जातो आणि तेथून घसा, टाळू व जीभ यांच्या स्नायूंना आकुंचनाचा आदेश सुटतो. हे केंद्र उलटीच्या, लाळेच्या आणि हृदयगतीच्या केंद्रांजवळच असल्यामुळे उबळीबरोबर तोंडात लाळ दाटते, डोळ्यांत पाणी येते, घाम फुटतो आणि क्वचित नाडी मंदावून घेरीही येते. मात्र या लंबमज्जेवर मेंदूच्या वरच्या भागांचाही प्रभाव चालतो, आणि आपल्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अल्जिनेटचा, म्हणजे माप घेण्यासाठी ट्रेमध्ये भरायच्या लगद्याचा वास, ट्रेचे नुसते दर्शन किंवा मागच्या वेळची आठवण एवढ्यानेही तीच क्रिया सुरू होऊ शकते. तुमच्या रुग्णाला ट्रे ओठांपाशी आल्यावर उबळ आली, म्हणजे तोवर टाळूला काहीही लागलेले नव्हते. मग टाळू बधिर करून काय साधणार होते? उलट, स्प्रेचा कडवट थेंब घशात उतरतो, टाळू सुजल्यासारखा वाटू लागतो, लाळ कुठवर आली आहे ते कळेनासे होते आणि गिळण्यावरचा भरवसा जातो. ज्यांच्या उबळीचे मूळ भीतीत आहे, त्यांचा त्रास स्प्रेने वाढलेला मी अनेकदा पाहिला आहे.

पहिल्या भेटीत रुग्णाला बोलू द्यावे. उबळ प्रथम केव्हा आली, लहानपणी टॉन्सिलच्या तपासणीत की एखाद्या दवाखान्यात माप घेताना, त्या वेळी कोणी ट्रे दाबून धरला होता काय, घास अडकून गुदमरण्याचा प्रसंग घडला होता काय, हे विचारावे. त्यानंतर रोजच्या सवयींकडे वळावे. आपल्याकडे असंख्य लोक सकाळी बेसिनपाशी उभे राहून जीभ घासतात आणि कफ निघावा म्हणून घशाच्या तोंडापर्यंत बोटे घालून खाकरतात. शेजारच्या घरातही तो आवाज ऐकू जातो. हीच माणसे आमच्या खुर्चीत तपासणीचा छोटा आरसा जिभेच्या मध्यावर टेकला तरी ओकू लागतात. घसा तोच, स्पर्श उलट बेसिनपाशीच अधिक खोल. फरक एवढाच की तिथे हात स्वतःचा असतो आणि तो केव्हा बाहेर काढायचा हे स्वतःच ठरवायचे असते. हा फरक रुग्णासमोर बोलून दाखवावा. “सर, तुमच्या घशात दोष नाही, इथे तुमच्या हाती काही राहत नाही म्हणून हे होते, आणि ते आपण तुमच्या हाती देणार आहोत,” हे एक वाक्य ऐकून चेहऱ्यावरचा ताण उतरतो. ज्यांना घरी ब्रश करतानाही ओकाऱ्या येतात त्यांची वाट अधिक लांबची असते, हे आपण मात्र मनाशी नोंदवून ठेवावे.

शरीरातील कारणेही तपासलीच पाहिजेत. नाक चोंदलेले असेल, नाकाचा पडदा वाकडा असेल किंवा सायनसचा स्राव घशात उतरत असेल, तर तोंड भरले की श्वासाची वाट बंद झाल्यासारखे वाटते, आणि अशा रुग्णाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवणे शहाणपणाचे ठरते. आम्लपित्त घशाशी येणे, तंबाखू, विडी, सकाळची मशेरी, मद्यपान, गरोदरपणाचे पहिले महिने आणि मळमळ आणणारी काही औषधे, उदाहरणार्थ मधुमेहावरचे मेटफॉर्मिन, ही सारी उबळीचा उंबरठा खाली आणतात. गुटखा खाणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी त्याने आवळलेली तोंडे आमच्याकडे आजही येतात. गालांत व टाळूत तंतू धरून तोंड दोन बोटेही उघडत नाही, आणि त्या अरुंद फटीतून ट्रे सरकवताना तो जिभेला आणि टाळूला घासतच जातो. तिथे उबळीचा विचार नंतर करावा; आधी त्या आजाराची आणि कर्करोगपूर्व बदलांची नीट तपासणी व्हायला हवी.

त्रासाची तीव्रता नोंदवण्यासाठी ब्रिटनमधील डिकिन्सन आणि फिस्क यांनी २००५ मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची श्रेणी मला सोयीची वाटते. पहिल्या पायरीवरील रुग्ण स्वतःच उबळ आवरतो, दुसऱ्या पायरीवर त्याला आपल्या धीराची गरज लागते, तिसऱ्या पायरीवर काही ठरावीक उपचार करता येत नाहीत, चौथ्या पायरीवर उबळ रोखण्याचे उपाय केल्याशिवाय कोणताच उपचार होत नाही, आणि पाचव्या पायरीवरील माणूस दातांच्या दवाखान्याची पायरी चढणेच टाळतो. तुमच्या वर्णनावरून हे सर तिसरी आणि चौथी यांच्या मध्ये आहेत. ही नोंद केसपेपरवर ठेवली तर पुढची प्रगती दिसते, तुम्हालाही आणि त्यांनाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. माझ्या मते सर्वांत परिणामकारक साधन नाकाने घेतलेला श्वास हेच आहे, आणि ते वापरले जाते त्याहून कितीतरी अधिक वेळा नुसते सुचवले जाते. ट्रे तोंडात ठेवून “नाकाने श्वास घ्या” असे सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचा धडा देणे होय. ट्रे दिसण्यापूर्वीच श्वासाचा सराव झालेला हवा. नाकाने श्वास चालू असताना मऊ टाळू खाली, जिभेच्या मागच्या भागावर टेकलेला राहतो, त्यामुळे तोंडातील लाळ आणि पदार्थ घशापासून अलग राहतात. तोंडाने श्वास घेतला की तोच टाळू वर उचलला जातो आणि वाट उघडी पडते. हे रुग्णाला पटवण्यासाठी मी त्याला पाण्याचा एक घोट तोंडात धरायला सांगतो आणि ओठ मिटून मिनिटभर नाकाने संथ श्वास घेत बसवतो. तोंड भरलेले असतानाही आपण सुखाने श्वास घेऊ शकतो, याचा अनुभव त्याला त्या मिनिटात येतो. पुढची पायरी म्हणजे तोंड उघडे ठेवून, जिभेचे टोक खालच्या दातांच्या मागे टेकवून, तसाच श्वास घेणे; श्वास आत घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लागावा आणि तो आम्हाला ऐकू येईल एवढा स्पष्ट असावा, कारण ऐकू येणारा श्वास थांबला की आम्हालाही तत्काळ कळते. बहुतेकांना हे दोन-चार दिवस घरी करून यावे लागते.

श्वासाबरोबर थांबण्याचा हक्क द्यावा. डावा हात वर झाला की मी थांबेन, असे सांगून लगेच त्याची परीक्षा घ्यायला लावावी: रुग्णाने काहीही त्रास नसताना हात वर करावा आणि आपण तत्क्षणी आरसा बाहेर काढावा. असे दोन-तीनदा झाले की त्याचा विश्वास बसतो. “आता झालंच, एक सेकंद” म्हणत काम रेटले, तर तो विश्वास त्याच क्षणी संपतो, आणि पुन्हा मिळवण्यास कित्येक भेटी लागतात. त्यानंतर आरसा त्याच्याच हाती द्यावा, समोर हातआरसा धरावा आणि त्याने स्वतः दाढेच्या जागेला आरशाची पाठ टेकवावी. जिथवर तो स्वतः पोहोचतो तिथवर आपण पोहोचू शकतो. आपण स्पर्श करताना आधी सांगावे, पाचपर्यंत मोठ्याने मोजावे आणि पाचला बाहेर यावे, मग त्याला आणखी सोसवत असले तरीही.

घरचा सराव हा या साऱ्याचा कणा आहे. मऊ ब्रश, पेस्ट न लावता, ओला करून घ्यावा. जिभेच्या पुढच्या तृतीयांशावर तो हलका टेकवून नाकाने श्वास घेत दहापर्यंत मोजावे, मग थोडा मागे सरकवावा, आणि उबळ येईल असे जिथे वाटू लागते त्याच्या किंचित अलीकडे थांबावे. त्या जागी दातांपाशी ब्रशच्या दांड्यावर अंगठा धरला की आजची मर्यादा कळते. हवी तर तिथे पेनाने खूण करावी. मर्यादा ओलांडायची नाही, कारण प्रत्येक उबळ ही शरीराला मिळालेली उलट शिकवण असते. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर निदान दीड-दोन तासांनी हा सराव केला तर खूण काही मिलिमीटरने मागे सरकू लागते. जिभेवर जमले की पुढच्या दातांच्या मागून टाळूवर सुरुवात करावी. दोन ते चार आठवडे द्यावेत. ज्यांची खूण पहिल्या आठवड्यात जागची हलत नाही त्यांनी खचू नये, कारण अनेकदा ती नंतर एकदम सरकते. सवयीने ही प्रतिक्षिप्त क्रिया किती मंदावू शकते याचे उदाहरण आपल्याकडेच आहे: लोणावळ्यातील कैवल्यधामसारख्या संस्थांत योगाचा अभ्यास करणारे साधक वस्त्रधौतीत कापडाची लांबलचक पट्टी गिळून पुन्हा बाहेर काढतात, आणि तेही टप्प्याटप्प्यानेच शिकतात. रुग्णांनी ती क्रिया करावी असे मी मुळीच सुचवत नाही. सरावाची ताकद दिसावी म्हणून सांगितले.

ब्रश जमल्यावर ट्रेचा परिचय करून द्यावा. निर्जंतुक केलेला, योग्य मापाचा रिकामा ट्रे रुग्णाबरोबर घरी पाठवावा. त्याने तो टीव्ही पाहताना किंवा रेडिओ ऐकताना तोंडात धरावा, प्रथम क्षणभर, मग मिनिटभर, मग पाच मिनिटे. ही गोष्ट साधी दिसते, परंतु ट्रेची भीती घालवण्यास याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. जुन्या ग्रंथांत काचेच्या गोट्या एकेक करून तोंडात धरण्याची पद्धत दिलेली आढळते; गोटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्यामुळे ती कोणीही वापरू नये.

एक्स-रेची गोष्ट लवकर आटपते. मागच्या दातांचा आरव्हीजी मिळत नसेल तर ओपीजी, म्हणजे तोंडात काही न ठेवता बाहेरून घेतलेला दोन्ही जबड्यांचा एक्स-रे काढावा. कवळीच्या नियोजनाला तो बहुतेक वेळा पुरतो. सेन्सर वापरायचाच असेल तर लहान आकाराचा घ्यावा, आणि सेन्सरऐवजी वापरायची फॉस्फर प्लेट उपलब्ध असेल तर ती पातळ असल्याने अधिक सोसते. एक्स-रेची नळी आणि वेळ आधी जुळवून ठेवावी, सेन्सर सर्वांत शेवटी आत न्यावा, तो टाळूवरून घासत मागे नेऊ नये, आडवा आत नेऊन इच्छित जागी एकदाच ठामपणे टेकवावा. पुढच्या दातांपासून सुरुवात करून मागे जावे.

मापाच्या दिवशी रुग्णाने उपाशी येऊ नये आणि भरल्या पोटीही येऊ नये. दोन-तीन तास आधी हलके खाल्लेले असावे. मधुमेही रुग्णाला “पोट रिकामे ठेवून या” असे सांगणे धोक्याचे आहे, कारण घाम, थरथर आणि घेरी ही साखर उतरल्याचीही लक्षणे आहेत. अनेकांना सकाळी अधिक मळमळते, तेव्हा दुपारची वेळ द्यावी. दवाखान्यात गर्दी नसावी. बाकावरचे पेशंट ऐकत आहेत या जाणिवेनेच हे सर आवळून जातील. खुर्ची सरळ करावी, पाठ टेकलेली, मान किंचित पुढे झुकलेली, हनुवटी खाली. आडवे झोपवून वरचे माप घेण्याची सवय या रुग्णांसाठी सोडावी.

ट्रे निवडताना तो मागे किती जातो ते पाहावे. मागची कडा कठीण टाळू संपून मऊ टाळू हलू लागतो त्या रेषेपर्यंत पुरे असते. “आऽ” म्हणायला लावले की ती रेषा दिसते. ट्रे त्यापलीकडे जात असेल तर कापावा. मागच्या कडेवर मऊ मेणाची वळी चिकटवून तिला टाळूला भिडेल असा उंचवटा द्यावा, म्हणजे अल्जिनेट मागे घशाकडे न वाहता पुढे वळते. खालच्या जबड्याचे माप आधी घ्यावे. ते सहसा सोपे जाते आणि रुग्णाला यश मिळाल्याचा अनुभव येतो. लवकर घट्ट होणारे अल्जिनेट घ्यावे, पाणी थोडे कोमट वापरले तर ते आणखी लवकर घट्ट होते, मात्र मग हात चपळ हवा. मिश्रण कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच, पण मलईसारखे एकजीव करावे, सैल ठेवू नये. ट्रे काठोकाठ भरू नये, आणि टाळूच्या मागच्या भागात तर नाममात्रच भरावे. हे भरणे रुग्णाच्या नजरेआड, पाठीमागे करावे. पांढरा लगदा भरलेला ट्रे पाहणे हेच अनेकांना पुरेसे असते.

ट्रे आत नेल्यावर प्रथम मागचा भाग टेकवावा आणि मग पुढचा भाग वर दाबावा, म्हणजे जादा साहित्य ओठांच्या दिशेने बाहेर येते. आपल्यापैकी बरेच जण घाईत याच्या उलट करतात आणि सारा लगदा घशाकडे ढकलतात. ट्रे बसताच रुग्णाने मान पुढे झुकवावी, हनुवटीखाली किडनी ट्रे धरावा आणि लाळ गिळण्याचा प्रयत्न न करता खुशाल बाहेर गळू द्यावी. याच क्षणी त्याला उजवा पाय खुर्चीवरून वीतभर उचलून धरायला सांगावे. तो थकला की डावा. पायात कळ येऊ लागली की लक्ष तिकडे जाते. तुमचा आवाज थांबू देऊ नका, उरलेला वेळ मोजत राहा: “अर्धे झाले, पाय आणखी वर, श्वास सोडा.” प्रश्न मात्र विचारू नका, कारण उत्तर द्यायच्या प्रयत्नात जीभ मागे उचलली जाते.

मध्येच जोराची उबळ आली तर ट्रे बळाने दाबून धरू नये. खुर्चीत पुढे वाकवावे, सक्शन तयार ठेवावे आणि दोन श्वासांत ती ओसरली नाही तर ट्रे काढून घ्यावा. अर्धवट घट्ट झालेल्या अल्जिनेटचे तुकडे टाळूवर आणि दातांच्या फटींत राहतात. ते एकूण एक काढले आहेत याची खात्री केल्याशिवाय रुग्णाला मागे टेकू देऊ नये. घेरी आली तर आडवे करून पाय उंच करावेत, आणि उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे.

दोन्ही बाजू एकाच मापात येत नसतील तर डावी आणि उजवी बाजू वेगवेगळ्या अर्ध्या ट्रेने घ्यावी व लॅबला तसे स्पष्ट कळवावे. पुट्टी हे मापाचे दुसरे साहित्य अल्जिनेटपेक्षा घट्ट असते, वाहत नाही, म्हणून काहींना ती बरी वाटते. तोंडाच्या आतून डिजिटल माप घेणारा स्कॅनर असेल तर या रुग्णांना त्याचा मोठा दिलासा मिळतो, कारण स्कॅन केव्हाही थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतो; मात्र स्कॅनरचे टोक काही लहान नसते, आणि दाढा नसलेल्या बाजूच्या हलत्या हिरड्यांची कड त्यात नेमकी येत नाही, ही मर्यादा या केसमध्ये आड येईल.

मीठ आणि दाबबिंदू यांविषयी अनेक जण विचारतात. जिभेच्या टोकावर चिमूटभर साधे मीठ ठेवल्याने काहींची उबळ तात्पुरती थांबते, खर्च काहीच नाही, रक्तदाबाच्या रुग्णालाही एवढ्याने अपाय होत नाही. मी ते वापरतो. मनगटाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधल्या बिंदूवर आणि खालच्या ओठाखालच्या खळगीत दाब देण्याची पद्धतही रूढ आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात मनगटाच्या बिंदूसाठीचा पुरावा फारच तोकडा आढळला, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नये. पण रुग्ण स्वतः मनगट दाबत बसला तर त्याला काही करायला मिळते, आणि तेवढ्यासाठी माझा विरोध नाही.

बधिरतेचे औषध ज्यांची उबळ खरोखर स्पर्शानेच येते त्यांच्यासाठी राखून ठेवावे. तेही फवारण्यापेक्षा जेल बोटाने किंवा कापसाच्या काडीने टाळूच्या ठरावीक भागावर लावावे. दहा टक्क्यांच्या स्प्रेच्या प्रत्येक फवाऱ्यात दहा मिलिग्रॅम लिग्नोकेन असते आणि श्लेष्मल त्वचेतून ते झपाट्याने शोषले जाते, म्हणून फवारे मोजावेत आणि त्याच भेटीत इंजेक्शन देणार असाल तर दोन्हींची बेरीज करावी. घसा बधिर झालेल्या रुग्णाला निदान तासभर काही खाऊ-पिऊ देऊ नये.

नायट्रस ऑक्साइड या नाकाने हुंगवून भीती शमवणाऱ्या वायूची सोय असलेल्या दवाखान्यात ते दाढ काढणे, रूट कॅनाल अशा कामांसाठी फार उपयोगी पडते, मात्र रुग्णाचे नाक मोकळे असले पाहिजे. मिडाझोलामसारखे गुंगी आणणारे इंजेक्शन भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन आणि देखरेखीची साधने नसताना देऊ नये. साठीच्या वयात तर नाहीच. पूर्ण भुलीची जागा निश्चित आहे: पाचव्या पायरीवरील माणसाच्या अनेक किडक्या दाढा एकाच वेळी काढायच्या असतील, किंवा संसर्ग पसरत असेल, तेव्हा ती टाळण्यात रुग्णाचे हित नसते.

कवळीच्या रचनेचा विचार माप घेण्यापूर्वीच करावा. सरांच्या उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) दोन्ही बाजूंना शाबूत आणि समोरच्या दातांशी नीट मिळत असतील, तर मागच्या दाढा भरणे अपरिहार्य आहे काय, हे त्यांच्याशी बोलावे. नेदरलँड्समधील कायझर यांनी १९८१ मध्ये आखूड दंतपंक्तीची कल्पना मांडली, आणि उपदाढांपर्यंतचे दात असतील तर अनेक वयस्क माणसांचे चावणे समाधानकारक चालते, हे त्यानंतर पुष्कळ दंतवैद्यांनी स्वीकारले. उबळीच्या रुग्णाला न दिलेली कवळी हाही विचारपूर्वक केलेला उपचार असू शकतो. सरांना ती हवीच असेल तर जाड अ‍ॅक्रिलिकने सारा टाळू झाकण्याऐवजी कोबाल्ट-क्रोम या धातूची पातळ पट्टी असलेली चौकट निवडावी, टाळूचा मध्य मोकळा ठेवावा आणि मागची पट्टी हलत्या टाळूच्या बरीच अलीकडे थांबवावी. इम्प्लांटचा पर्याय त्यांनी विचारला तर सांगा, पण तिथेही मागच्या भागात दीर्घ काम आणि माप दोन्ही लागतातच.

कवळी दिल्यानंतर उबळ आली तर बहुतेक जण मागची कडा घासून आखूड करतात. ती लांब असेल तर हे योग्यच. परंतु पूर्ण टाळू झाकणाऱ्या कवळीत कडा आखूड पडली किंवा टाळूला भिडली नाही, तर कवळी प्रत्येक घासागणिक सुटून जिभेच्या मागच्या भागाला टेकते, लाळ तिच्याखाली शिरते आणि त्यानेच उबळ येते. घासण्यापूर्वी कवळी हलते काय ते पाहावे. मागची कडा जाड नसावी, दाढा जिभेच्या जागेत आत सरकलेल्या नसाव्यात आणि दातांची उंची वाढवलेली नसावी. जबडे नेहमीपेक्षा अधिक उघडे राहिले तरी घसा आवळतो.

पहिल्या दिवशी कवळी तासभरच घालावी, तीही दुपारी, घरी, ओठ मिटून नाकाने श्वास घेत, आणि रोज तास-दीड तास वाढवत जावे. पहिला आठवडा जेवताना ती काढून ठेवली तरी चालेल. मग दहीभात, मऊ पोळी, उकडलेली भाजी अशा क्रमाने सुरुवात करावी. रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलवावे, कारण एखादी बोचणारी कड आठवडाभर तशीच राहिली तर तो कवळी डबीत ठेवून देतो आणि आपल्याला ते कळतही नाही.